मोहोळच्या बागेतलं आठ आकडी गुपित

पुण्याहून सकाळी सुटलेली एसटी मोहोळला टेकली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. स्टँडवर सुलभाताई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. वैरागच्या रस्त्याला त्यांची दोन एकर डाळिंबाची बाग आहे. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मातीतली ओल मोजणारी बिनतारी यंत्रं त्यांच्या बागेत मीच बसवली होती. माती सुकली की यंत्र तसा निरोप पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पेटीला पाठवतं आणि ठिबकचं पाणी सुटतं.

“आता ओल असतानाबी सुटतंय,” खड्डे चुकवत ताई म्हणाल्या. “फळं तडकाय लागल्यात. तोडणी तोंडावर आली.”

बागेत पोचल्यावर उलगडा झाला. बांधापलीकडे ताईंचे चुलतदीर बापू यांनीही तसलीच यंत्रं बसवली होती. त्यांची माती सुकली की निरोप हवेतून इकडेही येई, आणि ताईंच्या पेटीला तो घरचाच वाटे. चूक माझी होती. मी एन्क्रिप्शन, म्हणजे निरोप सांकेतिक करून पाठवायची सोय, केलीच नव्हती. कॉलेजात एकदा बँकेच्या तोडीचं एन्क्रिप्शन घातलं, तर आठवड्यात सगळ्या बॅटऱ्या झोपल्या. म्हणून इथे ते टाळलं होतं. आता लॅपटॉपवरचं हलकं घालायचं ठरवलं: बॅटरीवर ताण कमी, तरी परक्याचा निरोप आत घेणार नाही इतकं पक्कं.

आधी जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज). मग मी म्हणाले, “निरोपाला कुलूप घालायला तुम्हालाच ठाऊक असेल असा आठ आकडी नंबर द्या. कुणालाही सांगायचा नाही.”

ताईंनी पाठमोरं होऊन चिठ्ठीवर लिहिला. मी तो पेटीत आणि यंत्रांत भरला. बापू हौसेनं आले, माती सुकलीय असं यंत्राला वाटावं म्हणून आपलं यंत्र उपटून, पुसून उन्हात धरलं. ताईंचं पाणी सुटलं नाही. छान. मग मी ताईंचं यंत्र उपटलं. तरीही सुटलं नाही. असं राहिलं तर बाग वाळेल.

अर्ध्या तासानं लक्षात आलं: चिठ्ठीतला एक आकडा मी पेटीत १ म्हणून भरला होता आणि यंत्रांत ९ म्हणून.

“ताई, हा एक की नऊ?”

ताईंनी बापूंकडे पाहिलं. “तुमीच म्हणलात की, कुणाला सांगायचं न्हाय.”

बापूंचा चेहरा उतरला. “वैनी, मी परका हाय व्हय?”

“परकं न्हाय. पन जरा तिकडं जावा.”

बापू खरंच बांधाच्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहिले. ताई माझ्या कानात म्हणाल्या, “नऊ.” मी पेटीतला आकडा दुरुस्त केला आणि झाडांखाली पाणी ठिबकू लागलं. हसावं असं मात्र कुणालाच वाटेना. दोन घरांत मीच काहीतरी लावून दिलं, असं झालं मला.

तेवढ्यात बांधावरून बापूंचा आवाज आला, “मॅडम, माझ्यातबी घाला की नंबर. आन् वैनी, आता तुमी तिकडं तोंड करा.”

ताई पदर तोंडाला लावून वळल्या. खांदे हलत होते.

परतीच्या एसटीत टेंभुर्णीजवळ ताईंचा फोन आला. “मॅडम, भावजींनी त्यांचा नंबर मला सांगितला. इसरलं तर असावा म्हणून.”

“आणि तुमचा?”

“मी न्हाय सांगितला. मी लई पक्की हाय.”

मी वर्गात दरवर्षी सांगते, नंबर दुसऱ्याला कळला की सगळी मेहनत वाया. त्या संध्याकाळी मात्र बापूंना फोन करून ते ऐकवावंसं वाटलं नाही.