नळवाल्या काकांच्या डोक्यातला नकाशा

नळवाले काका निवृत्त झाले तेव्हा पाणीखात्यानं त्यांच्याकडून पाने, किल्ल्या आणि ओळखपत्र परत घेतलं. डोक्यातला नकाशा मात्र कुणी मागितला नाही. छत्तीस वर्षं त्यांनी त्या वस्तीतले पाइप टाकले, जोडले, दुरुस्त केले होते. कुठली लाइन कुठं वळते आणि कुठं सांधा आहे, हे त्यांना खडान्खडा ठाऊक होतं. पण विचारतो कोण? घरात बसून ते पेपर वाचायचे, आणि काकू म्हणायच्या, "अहो, तोच पेपर सकाळपासून तिसऱ्यांदा वाचताय."

खालच्या गल्लीतल्या मुलांची पोटं सारखी बिघडायची. वस्तीतल्या बायकांचा एक आरोग्य गट होता. तो चालवणाऱ्या नर्सबाईंनी कंटाळून थेट विद्यापीठाला पत्र लिहिलं. महिन्याभरात तिथून तीन विद्यार्थी आले. त्यांची पुढारी होती पीएचडी करणारी एक मुलगी, जाड चष्म्याची, बोलायला भरभर. तिनं दोन आठवडे घरोघरी पाण्याचे नमुने घेतले आणि हात टेकले.

"एका दिवशी नळ चांगला, दुसऱ्या दिवशी तोच नळ खराब," ती गटाच्या बैठकीत म्हणाली. "काहीच कळत नाहीये."

काकूंनी बळंबळं आणून मागच्या खुर्चीत बसवलेले काका पहिल्यांदाच बोलले. "नमुना किती वाजता घेता?"

"वेळ मिळेल तसा."

"मग कसं कळणार, बाळ? पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो. रिकामा पाइप फटीतून आजूबाजूचं ओढून घेतो. पुन्हा पाणी सोडलं की ती सगळी घाण पहिल्या दहा मिनिटांत बादलीत. नंतरचं पाणी चांगलं."

मुलगी वही काढायची विसरली. "हे तुम्ही खात्यात सांगितलं नव्हतं?"

"चारदा. साहेब म्हणाले, लेखी द्या. मला लिहायचा कंटाळा."

दुसऱ्या दिवसापासून नमुने पाणी सुटल्यावर पहिल्या, दहाव्या आणि तिसाव्या मिनिटाला घेतले जाऊ लागले. आकड्यांनी काकांचीच री ओढली. आता फट शोधायची होती. काकांनी बेधडक सांगितलं, "लॉन्ड्रीच्या दारापासून अठरा पावलं, गटाराच्या कडेला. तिथं जुना सांधा आहे."

खात्याची माणसं आली, खड्डा खणला. अख्खी गल्ली बघायला जमली होती. पाइप निघाला तो धडधाकट. सांधा नाहीच.

कुणीतरी हसलं. काका घरी गेले आणि पुढचे तीन दिवस बाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी चष्मेवाली दारात उभी.

"काका, चला ना."

"माझं डोकं आता चालत नाही. उगाच तुझं हसं होईल."

"माझे दोन आठवडे वाया गेले होते, तेव्हा तुम्ही हसलात का?"

काकू आतून भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "कुठल्या दारापासून मोजली पावलं?"

"लॉन्ड्रीच्या. एकच तर दार आहे."

"आत्ता आहे. पूर्वी दार पलीकडच्या अंगाला होतं. मी चादरी घेऊन जायचे ना! मालकानं दुकान वाढवलं तेव्हा ते इकडे काढलं."

काका ताडकन उठले. मग चप्पल घालायचं भान न राहता तसेच निघाले. काकू चप्पल घेऊन मागे, मुलगी त्यांच्याही मागे. जुन्या दाराची जागा भिंतीच्या गिलाव्यात अजून ओळखू येत होती. तिथून अठरा पावलं. या वेळी खात्याच्या माणसांनी खणलं, तर दोन हात खोलीवर सांधा लागला. फुटलेला, आणि वरून गटार पाझरत होतं.

पाइप बदलला. पुढच्या सहा महिन्यांत खालच्या गल्लीतून नर्सबाईंकडे येणारी पोरं निम्म्याहून कमी झाली.

विद्यापीठानं या कामावर लेख छापला. लेखकांत चष्मेवाली पहिली, तिच्या मार्गदर्शक बाई दुसऱ्या आणि काका तिसरे. काकूंनी छापील पान डोळ्यांजवळ धरलं.

"तिसरं का? आणि माझं कुठाय?"

मुलीनं शेवटचा परिच्छेद दाखवला. लॉन्ड्रीचं जुनं दार ज्यांना आठवलं, त्यांचे तिथं नावानिशी आभार मानले होते. काकूंनी तो परिच्छेद शेजारणीला दोनदा वाचून दाखवला.

आता दर मंगळवारी आरोग्य गटाच्या खोलीत विद्यार्थी आणि वस्तीतल्या बायका मोठा कागद पसरतात. काका सांगतात, बाकीचे रेघा ओढतात, आणि त्यांनी चुकीची रेघ ओढली की काका लहान मुलासारखे चिडतात. खालच्या गल्लीतल्या दोघी आता स्वतः पाणी तपासतात. परवा त्यांतली एक म्हणाली, "काका, तुमचा वरच्या चौकातला वळसा चुकलाय. मी पाहून आले."

काकांनी कागद जवळ ओढला, नीट पाहिलं आणि खोडरबर मागितलं.