सायमनकाकांनी आवाज चढवला

सायमनकाकांच्या तोंडावर लोक ज्यूंबद्दल वाटेल ते बोलत. कारण हा सावळा, ठेंगणा, अलिबागकडचा माणूस ज्यू असेल हे डेट्रॉइटच्या गोऱ्या माणसाच्या स्वप्नातही येत नसे. काका मध्ये तोडत नसत. समोरच्याला पूर्ण बोलू देत, मग हात पुढे करून म्हणत, "माझं नाव सायमन. मी ज्यू आहे. हं, पुढे बोला."

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मोटारींचे कारखाने बंद पडत होते, रोज कुणाला तरी ले-ऑफ मिळत होता आणि राग काढायला कुणीतरी हवं होतं. सकाळी जपान्यांवर निघे, दुपारी 'ज्यू बँकवाल्यांवर'. काका एका मोटार कंपनीत डिझाइनचं काम करत. शेजारच्या टेबलावरचा माणूस एकदा जेवताना त्यांना म्हणाला, "तुम्ही इंडियन लोक कष्टाळू. पण हे ज्यू, यांनी देश विकला." काकांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. तो गोरामोरा झाला. "मी तुझ्याबद्दल बोलत नव्हतो," म्हणाला. ही हकिकत सांगताना काका म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही म्हणणारे सगळे माझ्याबद्दलच बोलत असतात, बरं का."

आमची ओळख डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या सुपरमार्केटात झाली. मी लग्न होऊन नुकती आले होते आणि दुधीएवढी वांगी हातात घेऊन नवऱ्याजवळ मराठीत कुरकुरत होते. मागून आवाज आला, "भरायला घेऊ नकोस, पोरी. भरीत कर. एका वांग्यात दोन दिवस जातील." वळून पाहिलं तर काका आणि एस्तेरकाकू. काकू नऊवारी नेसलेल्या, वर जाड लोकरी कोट. त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी होतो. दाराच्या चौकटीवर धर्मवचनं ठेवलेली चिमुकली डबी होती. काकूंनी भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं घालून केलेला मलिदा पुढे ठेवला. परक्या देशात माहेर सापडल्यासारखं वाटलं मला. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांचे सेट काकाच उभारत. गणपतीची आरासही त्यांची. "मूर्तीची पूजा मला चालत नाही, पण मखर करायला कुणाची हरकत?" असं म्हणून करवत उचलत.

आपल्या गावाबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. "आमच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं म्हणतात. वाचले त्यांनी घाणा घातला, सुतारकी केली, पुढं पलटणीत गेले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. का बंद, असं कुणी रागानं विचारलं नाही. विचारलं असेल तर एवढंच, की उद्या चालू आहे ना?" मग एकदा म्हणाले, "ज्यू असण्याची भीती वाटते, हे मला अमेरिकेत येऊन कळलं."

मी एकदा विचारलं, "काका, पण हा द्वेष येतो तरी कुठून?" ते पोळीचा घास हातात तसाच धरून बोलत राहिले. "युरोपात जमीन धरू दिली नाही. कारागिरांच्या संघात घेतलं नाही. व्याजबट्टा तेवढा उरला, कारण तो ख्रिश्चनांच्या धर्मात पाप. तो आमच्या गळ्यात बांधला आणि मग म्हणाले, बघा, हे सावकार! प्लेग आला की विहिरीत विष टाकलं ज्यूंनी. पोर हरवलं की मारलं ज्यूंनी. चर्चमध्ये वर्षानुवर्षं ऐकवलं, यांनी आमच्या देवाला मारलं. आधी माणसाचे हात बांधायचे आणि मग म्हणायचं, हा कामाचा नाही." घास थंड झाला होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला.

एका सकाळी त्यांच्या सिनेगॉगच्या भिंतीवर कुणीतरी काळ्या रंगात नाझींचं चिन्ह काढून ठेवलं. मी आणि माझा नवरा बादल्या घेऊन गेलो. काका घासत होते. त्यांच्या शेजारी मॉर्टी नावाचे पोलंडचे म्हातारे गृहस्थ होते. छळछावणीतून एकटेच वाचलेले. ते नुसते घासत होते, त्यांची बोटं सोलून निघाली होती. काकांनी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला, तर त्यांनी दुसरा उचलला.

त्या दिवशी आम्ही काकांच्या घरी परतलो, तर मंडळातल्या लोकांचे त्यांना फोन आले. मला वाटलं, चौकशीला असतील. छे! सगळ्यांना एकच घाई होती, आमचं स्वस्तिक वेगळं, आमचं पवित्र, गैरसमज नको. काका फोनवर ओरडले, "अरे, मी अलिबागचा! मला कसलं स्वस्तिक समजावतोस? माझ्या भिंतीवर काय काढलंय ते विचार की आधी!" कुणी विचारलं नाही. अजून आठवलं की माझ्या कानशिलांत रक्त चढतं.

त्याच उन्हाळ्यात मंडळाची पिकनिक झाली. भर दुपारी कणसं भाजत होते, आणि आमचे अध्यक्ष, नावाजलेले डॉक्टर, भारतातल्या बेशिस्तीवर बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "काही म्हणा, हिटलरनं राष्ट्र उभं केलं. आपल्याला असाच एक पाहिजे." दोघेतिघे हसले, माना डोलावल्या. डॉक्टरांना चेव आला. "आणि ज्यूंनीही काहीतरी केलं असणारच यार. उगाच कुणी कुणाला मारत नाही."

सायमनकाकांनी हातातली प्लेट गवतावर ठेवली. या वेळी हात पुढे केला नाही. सगळे त्यांना वीस वर्षं ओळखत होते.

"डॉक्टर, माझ्या सिनेगॉगमध्ये मॉर्टी आहे. त्याची बहीण सात वर्षांची होती. तिनं काय केलं असेल?"

"कम ऑन काका, मी जनरल बोलतोय."

"मी तिच्याबद्दल विचारतोय. काय केलं असेल तिनं?" आता आवाज चढला होता. "मी सांगतो. ती ज्यू होती. मीही ज्यू. तेच शास्त्र, तोच शनिवार, तेच ताट. कोकणात आमच्या केसाला धक्का लागला नाही. मग खोट आमच्यात होती, की मारणाऱ्यांत?"

डॉक्टर हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "तेच तर! आपण तुम्हा लोकांना किती चांगलं वागवलं."

"वागवलं?" काका एक पाऊल पुढे आले. "मी काय तुमच्या घरी पाहुणा आलो होतो? माझं गाव आहे ते!"

डॉक्टर कणसं बघायला निघून गेले. काका त्यांच्या पाठीकडे बघत पुन्हा ओरडले, "सात वर्षांची होती!" एस्तेरकाकूंनी डबे आवरले. दोघं गाडीत बसून गेली. त्यांना थांबवायला मी आणि माझा नवरा सोडून कुणी उठलं नाही.

पुढच्या आठवड्यात कमिटी बसली. डॉक्टरांच्या वाक्यावर चर्चा झाली नाही, काकांच्या आवाजावर झाली. बायकामुलांसमोर आरडाओरडा केला, वातावरण बिघडवलं, तेव्हा त्यांनी दिलगिरी व्यक्त करावी असं ठरलं. निरोप घेऊन दोघे काकांच्या घरी गेले. काकांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "मी आवाज चढवला, तो फार उशिरा." त्या वर्षी गणपतीचं मखर विकत आणलं. काकांना कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ते आले नसते.

दोनच हिवाळे गेले आणि काका हृदयविकारानं गेले. साध्या लाकडी पेटीत होते, ना फूल ना हार. मॉर्टींनी मूठभर माती टाकली, मग फावडं माझ्या हातात दिलं. गोठलेल्या मातीची ढेकळं पेटीवर पडताना जो आवाज होतो तो मला सहन होईना. एस्तेरकाकू मराठीतून त्यांच्याशी काहीतरी बोलत होत्या, अगदी हळू, जेवायला बोलावताना बोलतात तशा.

आणि मग मंडळानं शोकसभा घेतली! अध्यक्ष तेच. माईकसमोर उभे राहून, डोळ्यांच्या कडा टिपत ते म्हणाले, "सायमनकाका आपल्यात दुधात साखर विरघळावी तसे विरघळले होते. आपण त्यांना कधी वेगळं मानलंच नाही."

मी उठले. नवऱ्यानं अडवायला हात धरला नाही. माईकपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. "काका विरघळले नव्हते," मी म्हटलं. "ते शेवटपर्यंत सायमन होते, ज्यू होते, आणि तुम्ही त्यांना माफी मागायला सांगितली होती." मग पिकनिकला डॉक्टर जे बोलले ते मी शब्दन् शब्द त्या हॉलमध्ये बोलून दाखवलं. हिटलर. राष्ट्र. 'काहीतरी केलं असणारच.' मागे मुलं बसली होती, इथं जन्मलेली. एका मुलीनं आईला मोठ्यानं विचारलं, "डिड ही रिअली से दॅट?" आईनं मान खाली घातली.

पुढच्या रांगेतून डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, गेलेल्या माणसाच्या सभेत हे कशाला?"

"मग कुठे?" मी म्हटलं. "ते जिवंत होते तेव्हा ऐकलंत का तुम्ही?"

मी खाली उतरले. पहिल्या रांगेच्या टोकाला एस्तेरकाकू बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरची पर्स उचलून शेजारची खुर्ची मोकळी केली आणि म्हणाल्या, "बस गं इथं."