चुनीलालभाऊंची आखाजी

चुनीलालभाऊ स्वयंपाक शिकताहेत ही बातमी कळसाडीत पसरली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका हसल्या आणि उरलेल्या निम्म्या आपापल्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. मी दुसऱ्या गटातली. आमचे गिरधरराव त्या दिवसापासून चुनीलालभाऊंशी जरा तुटकच वागू लागले.

चुनीलालभाऊ माझे चुलत दीर. आमच्या दारासमोरच त्यांचं दार. साठी ओलांडलेला माणूस, कापूस आणि केळी यातलं सगळं कळतं, पण स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते विचारलंत तर आकाशाकडे बघेल. घर सिंधूबाईंचं होतं आणि भाऊ त्यात जेवायला यायचे. सिंधू माझी जाऊ कमी आणि मैत्रीण जास्त. दिवाळीनंतर तिला ताप आला, तो अंगात भरला आणि शहाद्याच्या दवाखान्यातून ती परत आलीच नाही. एवढी घाई तिनं आयुष्यात कधी केली नव्हती.

दहनाच्या दिवशी भाऊंच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही. आलेल्यांना बसायला सतरंज्या टाकत होते, कोणाला चहा मिळाला, कोणाला नाही ते बघत होते. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. मला काही ते खरं वाटलं नाही. मी जन्मभर पहिलीच्या वर्गाला शिकवलंय. आई सोडून गेल्यावर जे पोर रडत नाही, त्याच्याकडेच जास्त लक्ष द्यावं लागतं.

त्यांचा मुलगा ललित सुरतला नोकरीला. तो आणि सून भूमिका त्यांना सुरतला घेऊन गेले. चांगली पोरं आहेत, उगीच नावं ठेवणार नाही. पण होळीच्या आधीच भाऊ पिशवी घेऊन परत आले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "तठे ओटा नही, भाभी. माणूस बठी कोठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून हाक आली.

"भाभी, चहामा आगोदर पानी टाकतस का दूध?"

मला हसू आलं. गुडघे धरत धरत मी समोर गेले, त्यांच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले आणि माझी शाळा पुन्हा भरली. विद्यार्थी एक आणि तोही ढ. पहिली खिचडी कढईसकट फेकावी लागली. भाकरी थापायला घेतली की तिचा नकाशा व्हायचा. पण माणूस चिवट होता. चुकलं की "बरं" म्हणायचा आणि पुन्हा पिठात हात घालायचा. माझ्या वर्गात असं पोर असतं तर मी त्याला पुढच्या रांगेत बसवलं असतं.

होळी झाली आणि एक दिवस ते म्हणाले, "आते माले मांडा शिकाडा."

मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला गोळा आधी तळहातावर चापायचा, मग पोळपाट नाही, लाटणं नाही, दोन्ही हातांवर पार कोपरापर्यंत झेलत झेलत वाढवायचा आणि चुलीवरच्या उपड्या मातीच्या खापरावर अलगद पसरायचा. आमच्याकडे भल्या भल्या सुना मांड्याचं नाव काढलं की डोकं दुखायला लागलं म्हणून आत जाऊन झोपतात.

"भाऊ, तुमले भाकर फिरावता येत नही आनि मांडा?"

"आखाजीले भाविका येई ना," ते म्हणाले. "तिले काय भाकर वाढू?"

भाविका त्यांची मुलगी, रनाळ्याला दिलेली. सासरी म्हशींचा गोठा, त्यामुळे तिची पहाट सगळ्यांच्या आधी उजाडते. आखाजीला मात्र ती माहेरी यायची. आमच्या खानदेशात सासुरवाशिणीचा खरा सण हाच. अक्षय्य तृतीयेच्या आधी पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आमरस आणि मांडे खातात. भाविका आली की पहिल्या दुपारी जेवून अशी झोपायची की दिवेलागणीपर्यंत हलायची नाही. सिंधू दारात बसून राहायची आणि कोणी मोठ्यानं बोललं की डोळे वटारायची. मलाही एकदा हाकलून दिलं होतं. वर्षभर उसनी राहिलेली झोप पोर माहेरी येऊन काढत होती.

यंदा त्याहून मोठी गोष्ट होती. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. यंदाची घागर सिंधूची होती. आईच्या घागरीला मुलगी नाही आली तर त्या घराचं माहेरपण संपलं असं गाव समजतं. गावाचं मला काय, पण भाऊही तसंच समजत होते आणि भीती होती ती त्याची.

मांड्याची शिकवणी सुरू झाली. पहिले कित्येक मांडे भोकं पडून चुलीत गेले. एकदा तर गोळा हातावरून निसटून त्यांच्या खांद्यावर पडला आणि ते तसेच उभे राहिले. "हाई ते उपरणं बनी गयं," म्हणाले. मी इतकी हसले की पाणी प्यावं लागलं.

मग एका सकाळी काहीच आवाज येईना म्हणून मी जाऊन पाहिलं. भाऊ चुलीपुढे बसले होते आणि समोर खापराचे दोन तुकडे. तापलेलं खापर स्वच्छ करावं म्हणून त्यांनी त्यावर गार पाणी ओतलं होतं. ते खापर सिंधूचं, तिच्या हातचं काळंभोर झालेलं.

"तिनं खापर व्हतं, भाभी," ते म्हणाले. "तिनं."

आणि दिवाळीपासून अडकलेलं सगळं बाहेर आलं. गुडघ्यांत डोकं घालून तो माणूस ढसाढसा रडला. मी थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं म्हटलं, "भाऊ, एक सांगू? सिंधूनं लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुमच्या आईचं खापर फोडलं होतं. मी तिथंच उभी होते. आम्ही दोघींनी मिळून नाव मांजरावर घातलं."

त्यांनी डोकं वर केलं. "ती मांजर... तिले मन्ही मायनी घरमाईन काढी दिन्ही व्हती!"

"हो. बिचारीला."

नाक पुसता पुसता ते हसायला लागले. त्याच आठवड्यात शहाद्याच्या बाजारातून नवं खापर आलं.

पुढे माझे गुडघे फारच दुखायला लागले म्हणून माझ्या मुलानं मला उपचारासाठी नाशिकला नेलं. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी परत आले आणि घरात न जाता आधी समोर गेले. अंगण शेणानं सारवलेलं. लिंबाला झोका बांधलेला. वस्त्रगाळ पीठ, निवडलेली हरभऱ्याची डाळ, आंब्याची टोपली, नवी कोरी घागर, सगळं मांडून ठेवलेलं. इतकी तयारी मी माझ्या घरातही कधी पाहिली नव्हती. आणि त्या सगळ्याच्या मध्ये भाऊ ओट्यावर तोंड पाडून बसलेले. गल्लीतल्या सगळ्या पोरी आल्या होत्या. भाविका आली नव्हती.

"माय गयी, आते बापकडे कसाले येई ती?" ते म्हणाले.

"फोन केला?"

"नही. तिले येवानं ऱ्हातं ते उनी ऱ्हाती." यायचं असतं तर आली असती, असा त्यांचा हिशोब.

माझ्या डोक्यात काहीतरी लुकलुकलं. सासुरवाशीण काही बॅग उचलून आपली आपण निघत नाही. माहेरहून कोणीतरी तिला न्यायला जातं. त्याला आम्ही मुऱ्हाळी म्हणतो. मुऱ्हाळी दारात दिसला की सासरी पोरीची मान ताठ होते, कारण आपली आठवण काढणारं कोणी आहे हे चार लोकांना दिसतं.

"भाऊ, मुऱ्हाळी कोण गया?"

"ललित जास ना दरसाल."

"यंदा गया का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथूनच ललितला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, माले वाटनं यंदा दुःखनं वरीस, सण नही करतस. बाबा बी काही बोलनात नही."

तर हे असं झालं होतं. दरवर्षी सिंधू गुढीपाडव्यापासूनच ललितच्या मागे लागायची, भाविकाच्या सासूला निरोप धाडायची, जाण्यायेण्याचा दिवस ठरवायची. भाऊंना यातलं काही दिसलंच नव्हतं. त्यांना फक्त झोक्यावर बसलेली पोर दिसायची. पाऊस येतो, थंडी येते, तशी आखाजीला भाविका येते, असं त्यांना वाटत होतं. तरुणपणी स्वतःच्या बहिणींना आणायला हाच माणूस गावोगाव हिंडला होता! मला असा संताप आला की गुडघे विसरून मी ताडकन उभी राहिले.

"ती आपोआप येत नव्हती, भाऊ! सिंधू धाडे तवय मुऱ्हाळी जाये, तवय ती ये. तुम्ही मांडे शिकनात, झोका बांधा, आनि पोरले बलावंच नही!"

भाऊंचा चेहरा उतरला. मग ते उठले, धुतलेला सदरा घातला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि शेजारच्या हेमकांतला हाक मारली. हेमकांतकडे चारचाकी आहे. "गाडी काढ," म्हणाले. "रनाळे."

"डाळ?" मी विचारलं.

"तुम्ही देखा."

गाडी प्रकाशा गावाच्या दिशेनं गेली आणि मी चुलीपुढे बसले. डाळ शिजत होती, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पोर रुसली असेल तर? सासूनं "आता कसलं माहेर" म्हणून अडवलं असेल तर? सिंधूच्या नव्या घागरीकडे माझ्यानं बघवेना.

रनाळ्याला काय झालं ते मला हेमकांतनं सांगितलं. भाविका अंगणात वाळवण उचलत होती. अचानक बाप दारात पाहून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "काय व्हयनं, बाबा?"

"काही व्हयनं नही," भाऊ म्हणाले. "आखाजी शे. तुले लेवाले उनू." आणि मग, जरा थांबून, "उशीर व्हयना माले."

भाविका आत गेली आणि गेली तशीच बाहेर आली. हातात भरलेली बॅग. हेमकांत मला म्हणाला, "काकू, इतलामा कोणी बॅग भरस का?" तेवढ्यात तिच्या सासूबाई बाहेर आल्या आणि भाऊंना पाण्याचा तांब्या देत म्हणाल्या, "पोर कवळनी वाट देखी ऱ्हायनी. मी म्हने, येई कोणी तरी. ती म्हने, माय गयी, आते कोण येई?"

भाऊंनी तांब्या घेतला, तो तसाच खाली ठेवला आणि पोरीची बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली.

संध्याकाळी गाडी आमच्या गल्लीत वळली. झोक्यावरच्या पोरी ओरडल्या, "भाविकाताई उनी!" मी पदरानं डोळे पुसले. गिरधररावांनी विचारलं, काय झालं, तर धूर गेला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूची घागर भरली. भाविकानं तिच्यावर आंबा ठेवला आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मग अंगणातली चूल पेटली. ती पदर खोचून पुढे झाली तशी भाऊंनी तिला अडवलं.

"बठ. माहेरले येल शे तू."

पहिला मांडा फाटला. दुसरा एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. तिसरा मात्र हातांवर असा फिरत गेला, असा वाढत गेला की गल्लीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. तो नीट खापरावर पडला. भाविकानं आमरसात बुडवून घास घेतला. भाऊ हातातली सांडशी तशीच धरून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"माय करे तसा नही लागत," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि हसतही होती. "पन आखो एक वाढ."

भाऊ खापराकडे वळले. त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं की माणूस खूश आहे.

दुपारी ऊन रणरणायला लागलं आणि गल्ली सामसूम झाली. माझी परात त्यांच्याकडे राहिली होती, म्हणून मी समोर गेले. भाऊ दारातच, उंबऱ्याला टेकून बसले होते. मला बघताच त्यांनी डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, भाभी. पोर झोपेल शे."

मी परात न घेताच परत आले.