बंगल्यावरची झारी

पाणी किती द्यायचं? एवढंच मी विचारत होतो. अहेरीच्या जंगल बंगल्यावर ज्याला ज्याला विचारलं, त्याच्याकडून उत्तर मिळालं नाही, एकेक किस्सा तेवढा मिळाला! असे कितीतरी जमले. संध्याकाळी ते आम्ही दोघं भाऊ मिळून सांगायचो. या उन्हाळ्यात मोठा भाऊ गेला. आता मी एकटाच सांगतो, आणि अर्ध्यावर थांबतो.

भाऊ बंगल्याचा माळी, मी त्याच्या हाताखाली. व्हरांड्यात क्रोटन आणि फर्नच्या कुंड्या. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "मातीत बोट घालून पाह्य. कोरडी लागली का पाणी दे."
"किती?"
"त्यालेच विचार ना बे!"
मी बोट घातलं ते मुंगळ्यांच्या घरात! सुजलेलं बोट घेऊन बसलो, तर हा विचारतो, "आता तुले किती देऊ?"

चौकीदार पोचूला कुंड्या बघवत नसत. "एवढं जंगल बाहेर, अन् झाडाले घरात डांबलं! जंगलात कोण पाजते? आता कैद्यावानी जलमभर पाजा!"

खानसामा रहीमचाचा उरलेला चहा क्रोटनमध्ये ओतायचे. पानं गळली. भाऊ भडकला, "काऊन चाचा?"
"अरे, साहबों के बंगले का पेड़ है! चाय नहीं पिएगा तो क्या पिएगा?"

एकदा साहेबांकडं पाहुणे आले. बाईसाहेबांचा लाडका फर्न पिवळा पडून मेला. त्या कडाडल्या, "याला पाणी कोणी दिलं नाही?"
"मी दिलं!" पाहुणे म्हणाले. "मी पण!" त्यांची बायको. ड्रायव्हरनं हात वर केला. पोचूनं केला. चाचांनीसुद्धा!
भाऊ म्हणाला, "बाई, तो तहानेनं नाई मेला. पोहता येत नव्हतं त्याले."

मग या उन्हाळ्यात भावाला ताप भरला. वैदू म्हणाला, "पाणी नको देऊ. ताप पोटात जाते." पोचू म्हणाला, नको. चाचा रडत म्हणाले, नको. फर्नला पेल्यानं पाजणारी हीच माणसं! भाऊ "पाणी, पाणी" करत होता.
"एक घोट तरी?" मी विचारलं. "अर्धा? किती चालंन, सांगा ना!"
पोचूनं लोटा उचलून बाहेर नेला.

दुपारी सगळे व्हरांड्यात टेकले. मी मागच्या दारानं कुंड्यांची झारी भरून आणली. भावानं डोळे उघडले, झारी पाहिली आणि हसला!
"अबे, मी काय क्रोटन आहो?"
मी त्याच्या ओठांवर बोट ठेवून पाहिलं. कोरडे होते.
"किती देऊ, भाऊ?"
त्यानं तोंड उघडलं. मी झारीची चाळणी काढून टाकली, तोटी त्याच्या ओठांना लावली आणि हळूहळू कलती करत गेलो.