अकोल्यात आलेला खाडीचा चिखल

मातीच्या लॅबमध्ये कसले किस्से घडणार, असं लोकांना वाटतं. अहो, चहाला बसलं की एक जण सांगतो, त्यावरून दुसऱ्याला आठवतो, आणि चहा थंड! आमचे निम्मे किस्से तर एकाच प्रोजेक्टचे. अकोल्यात बसून आम्ही समुद्राकाठचा चिखल तपासत होतो!

झालं असं, की कोकणातल्या एका कॉलेजचं मशीन बंद पडलं. खाडीतल्या तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, मुळांमुळे चिखलात कार्बन किती साठतो, ते त्यांना मोजायचं होतं. आमच्या लॅबच्या प्रमुख गावंडे मॅडम. त्यांनी उत्साहाच्या भरात "पाठवा" म्हटलं. काम पडलं माझ्या आणि माझा जोडीदार वानखडे याच्या गळ्यात.

बर्फाच्या डब्यातून पहिले नमुने आले. झाकण उघडलं मात्र, सडक्या अंड्यांचा वास कॉरिडॉरभर! शेजारच्या ऑफिसातले मोठे बाबू "सिलिंडर लीक!" ओरडत बाहेर पळाले. कोणी मेन स्विच बंद केला. अख्खी बिल्डिंग निंबाच्या झाडाखाली. फायर ब्रिगेडला फोन लावणार, तेवढ्यात वानखडे डबा घेऊन दारात आला.

"काहून पळून राहिले बाप्पा? अकोल्यात समुद्र आला, पाहून तं घ्या!"

*

पुढचे नमुने आणायला आम्ही तिघं स्वतःच कोकणात गेलो. ओहोटी लागलेली, समोर काळाभोर चिखल, त्यातून तिवरांची मुळं खिळ्यांसारखी वर आलेली. होडीवाला म्हणाला, "बूट काढा, मी सांगतो तिथंच पाय ठेवा."

वानखडेला राग आला. "आमी काळ्या मातीतले मानसं. आमाले चिखल शिकवता का?"

आणि टाकला पाय! गुडघ्यापर्यंत आत. दुसरा टाकला, तोही आत. होडीवाल्यानं आणि मी काखेत हात घालून त्याला ओढलं. माणूस आला, बूट आले नाहीत. नवे कोरे होते हो! वानखडे त्या चिखलाकडे पाहतच राहिला. मॅडमनी धीर दिला.

"काळजी नको वानखडे. खाली हवा पोचत नाही, म्हणून तर मुळं कुजत नाहीत आणि कार्बन शेकडो वर्षं टिकतो. तुमचे बूटही टिकतील. नातवाला पाठवा!"

*

चिखलातली मुळं वेगळी काढून आम्ही ट्रेमध्ये वाळत ठेवायचो. अकोल्याचा मे महिना. कोणीतरी भला माणूस लॅबमध्ये आला, त्याला वाटलं वाळा आहे. उचलली मूठभर मुळं आणि सोडली कॅन्टीनच्या माठात!

जो पाणी प्यायचा तो तोंड वाकडं करायचा. "खारट लागून राहिलं. माठ बदलला का?" मॅडमनी घोटभर पिऊन थुंकलं. मी माठात हात घातला, तर आमची मुळं!

वानखडेनं मात्र सावकाश दोन ग्लास रिचवले होते. तो खारपाणपट्ट्यातला, तेल्हाऱ्याकडचा. मिशा पुसत म्हणाला, "काई नाई झालं त्या पान्याले. आमच्या गावचंच पानी हाय!"

*

बार्शीटाकळीला शेतकरी मेळावा होता. मॅडमना बोलावलं होतं कपाशीवर बोलायला, पण डोक्यात तिवर! झाड हवेतला कार्बन घेतं, मुळांवाटे चिखलात नेतं, तो तिथंच गाडलेला राहतो, असं त्यांनी रंगवून सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एक काकू उठल्या.

"मॅडम, तो कार्बन तुमी पेरता का?"

"नाही."

"मंग काहाडता?"

"अजिबात नाही. तो काढायचाच नसतो."

"मंग तुमी तिथं करता काय?"

"आम्ही मोजतो."

काकू मागे वळून बायांना म्हणाल्या, "घ्या! आमच्या तलाठ्यासारकंच काम हाय!"

*

वानखडेचं लग्न काही जमत नव्हतं. मुलीकडचे "काय करता?" विचारायचे, हा मातीवर सुरू व्हायचा, आणि तिकडून नकार. अमरावतीचं स्थळ आलं तेव्हा त्याच्या आईनं मला सोबत पाठवलं. निघताना त्याला बजावलं, "सरकारी नोकरी हाय, एवढंच सांगजो. मातीचं नाव काहाडू नोको!"

पोहे आले. मुलीच्या वडिलांनी विचारलं. वानखडे म्हणाला, "सरकारी नोकरी हाय," आणि गप्प. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

"पण काम काय असते?" मुलीनं विचारलं.

संपलं! तिवराचं झाड, मुळं, चिखल, भरती, ओहोटी. मी चिमटे काढले, पायावर पाय दिला. पोहे गार झाले. वडील छताकडे पाहत होते. मुलगी तेवढी मान हलवत होती, पण तशी तर सगळ्याच हलवतात. निघताना वडील कोरडेपणानं म्हणाले, "कळवतो."

परतीच्या एसटीत वानखडे खिडकीला डोकं टेकून बसला. "माह्या तोंडाले कुलूप काहून नाई राह्यत?" एवढंच बोलला. मूर्तिजापूर आलं तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी. त्यानं कानाला लावला आणि ताठ झाला. मुलीचाच फोन! मी कान जवळ नेला.

"तुमचं एक सांगाचं राह्यलं," ती म्हणत होती. "ते झाड तोडलं तं खालच्या कार्बनचं काय होते?"

वानखडे तडक उठला. "दीड घंट्यात आलो!" म्हणत फोन ठेवला, आणि माझ्या मांडीवरून उडी मारून दाराकडे धावला.

"थांबवा गाडी! मले अमरावतीले जाचं हाय!"

"अवो, आत्ताच तं तिथून बसले!" कंडक्टर वैतागला. "काय इसरलं तिथं?"

पायरीवरून उतरता उतरता वानखडे ओरडला, "उत्तर!"