उजवीकडची शिफ्ट

लकवा झाल्यानंतर अप्पांच्या तोंडून पहिलं समजेल असं पुरं वाक्य निघालं ते कॉम्प्युटरबद्दल होतं. "मशीन मागे पडतं," ते म्हणाले.

अप्पा म्हणजे माझे वडील. धारवाडात सुभाष रोडला एका माडीवर त्यांनी पंचवीसेक वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला पोरं कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागली, तेव्हा ती बंद झाली. नंतर घरी मी घेतलेल्या कॉम्प्युटरवर ते रोज सकाळी इंग्रजी पेपरातला एक उतारा टाइप करत आणि पुसून टाकत. त्याचा उपयोग काय असं आम्ही विचारलं नाही. काही लोक सकाळी फिरायला जातात, तसं ते होतं.

लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीपुरता परत आला. हात आला नाही. डॉक्टरांनी त्या हाताला टाचणी टोचून पाहिली तेव्हा अप्पा खिडकीबाहेर बघत होते आणि बघतच राहिले. त्यांना कळलंच नव्हतं.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी ते डाव्या हाताने टाइप करायला बसले. अक्षरं उशिरा यायची, काही यायचीच नाहीत. मशीन मागे पडतं की अप्पा मागे पडतात, एवढाच प्रश्न होता. अप्पांनी आपल्यापुरतं उत्तर ठरवलं होतं. आयुष्यभर लोकांचा वेग मोजलेल्या माणसाला दुसरं उत्तर परवडणारं नव्हतं, हे मला दिसत होतं. मी कॉम्प्युटर तपासायचं मान्य केलं.

कॉम्प्युटर जुना होता हे खरंच. मेमरी चौसष्ट एमबी. हुबळीत ज्याने तो जोडून दिला त्याने त्यात विंडोजची चोरटी प्रत घालून दिली होती. ती मला नको होती. मी एका शिक्षणसंस्थेत हिशेब बघतो. घरात चोरीची वस्तू ठेवून दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासणं मला जमलं नसतं. म्हणून मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स घातलं होतं. ते फुकट आणि कायदेशीर होतं, पण त्या मशीनला जड होतं.

पहिल्या रविवारी मी मेमरीचा हिशेब काढला. लिनक्समध्ये तो एका शब्दाच्या हुकमाने निघतो. चौसष्टपैकी दोनसुद्धा शिल्लक नव्हते, आणि जवळजवळ आणखी चौसष्टचा माल डिस्कवर नेऊन ठेवलेला होता. आमच्या ऑफिसात टेबल भरलं की फायली रेकॉर्ड रूममध्ये जातात आणि एक कागद हवा असला की शिपाई जिना चढतो, तसं चाललं होतं. दिसायला देखणा पण जड असा डेस्कटॉप होता, तो काढून एक साधा, राखाडी रंगाचा घातला. घरात प्रिंटर नसताना छपाईची सेवा सुरू होती, पत्र पाठवायचीही एक होती. त्या बंद केल्या.

"आता बघा," मी म्हटलं.

अप्पा बसले. बसायची त्यांची रीत बदलली नव्हती. पाठ सरळ, पावलं जमिनीला. मग डाव्या हाताने उजवा हात मनगटाशी धरून उचलायचा आणि कीबोर्डच्या मधल्या ओळीवर ठेवायचा, बोटं एकेक करून पसरायची. मग डावा हात आपल्या जागी. इन्स्टिट्यूटमध्ये ज्याचा एक हात मांडीवर दिसेल त्याच्या मनगटावर ते पट्टी मारत.

अर्धी ओळ झाली. "मागे पडतं," ते म्हणाले.

मी मशीन बंद करून चालू केलं आणि स्वतः टाइप केलं. अक्षरं ताबडतोब येत होती.

पुढच्या आठवड्यात एक खरी चूक सापडली. डिस्कवरच्या सगळ्या फायलींची यादी करायचं एक काम असतं, ते पहाटे व्हावं अशी योजना असते. आमचं मशीन पहाटे बंद. त्यामुळे ते काम सकाळी चालू केल्यावर थोड्या वेळाने, नेमकं अप्पा बसले की सुरू व्हायचं. ते मी काढून टाकलं. डिस्कवरून वाचण्याची जलद पद्धतही कुणी चालू केलेली नव्हती, ती केली. मशीन खरोखर सुधारलं. अप्पा म्हणाले, "मागे पडतं."

मग मेमरी वाढवायला हुबळीला गेलो. दुर्गदबैल बाजाराच्या मागे एका गल्लीत जुने सुटे भाग मिळायचे. दुकानदाराने मी नेलेली मेमरीची पट्टी उलटीपालटी करून पाहिली.

"सर, इदन्न म्यूझियमक्क कोड्री," तो म्हणाला. म्यूझियमला देऊन टाका म्हणे.

"म्यूझियमवाले घेईनात," मी कन्नडमध्येच सांगितलं. "तुझ्याकडे आहे का बोल."

त्याने एका डब्यातून त्याच जातीची, एकशे अठ्ठावीसची एक पट्टी शोधून काढली, शर्टाला पुसली आणि म्हणाला, "मशीन पळेल सर. बसणाऱ्याची गॅरंटी नाही."

तो सगळ्यांनाच असं म्हणत असणार. मी पट्टी घेऊन बसमध्ये बसलो. धारवाड येईपर्यंत माझ्या मनात काही विशेष नव्हतं.

मेमरी एकशे ब्याण्णव झाली. डिस्कवर काहीही जात नव्हतं. प्रोसेसर रिकामा बसून होता. आता माझ्याकडे तपासायला काही उरलं नव्हतं. त्याच सकाळी आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. अप्पा पडद्याकडे बघत एकच अक्षर पुनःपुन्हा मारत होते आणि ते उमटत नव्हतं.

"सरका बघू," आई म्हणाली. तिने जन्मात टाइप केलेलं नव्हतं. दाराची बेल दाबावी तसं तिने एका बोटाने ते बटण दाबून धरलं. अक्षर आलं. दुसरं दाबलं, तेही आलं. "आलं की हो! मला येतंय, तुम्हाला येत नाही होय? मास्तर म्हणे!"

ती चेष्टाच करत होती. त्यांची चाळीस वर्षांची सवय होती तशी बोलायची. अप्पा हसले नाहीत. उठून काठी घेऊन आत गेले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काय वाईट बोलले रे?"

"काही नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "मामंजींना सांगून टाका एकदा. मशीन चांगलं आहे म्हणून. रोज आशेनं बसतात."

"सांगतो."

मला वाईट वाटायला हवं होतं. हिशेब जुळला की पान उलटतो, तसं वाटलं. यंत्राची बाजू तपासून झाली होती. फरक दुसऱ्या बाजूला होता. एवढंच सांगायचं होतं.

सांगण्याआधी एकदा त्यांच्याशेजारी बसून सुरुवातीपासून बघावं असं मी ठरवलं. तोवर मी दरवेळी ते उठल्यावर, मशीन पुन्हा चालू करून बघत होतो. नोंद न झालेल्या पावत्या न बघताच शिल्लक काढल्यासारखं ते होतं, पण तेव्हा लक्षात आलं नाही.

रविवारी अप्पा बसले. उजवा हात ओळीवर ठेवला. श्वास घेऊन उतारा वाचला. त्यांचं वाचून होईपर्यंत तो हात आपल्या वजनाने खाली घसरला आणि करंगळीची बाजू उजवीकडच्या शिफ्टच्या बटणावर जाऊन पडली. ते त्यांना कळलं नाही. कळायला त्या हातात काही नव्हतं. त्यांनी सुरुवात केली, सगळी कॅपिटल अक्षरं आली. ते चुकचुकले, काय झालं ते थोडा वेळ पडद्यावर बघितलं, मग डाव्या हाताने हात उचलून वर घेतला, पुसायचं बटण दाबून धरून ओळ पुसली आणि पुन्हा मारायला लागले. आता अक्षरं येईनात.

"थांबा अप्पा."

मी माझं बोट त्या शिफ्टवर ठेवलं आणि बराच वेळ दाबून धरलं. सोडलं. अक्षरं यायला लागली. पुन्हा तसंच दाबून धरलं, सोडलं. बंद झाली. अक्षराचं बटण दाबून ठेवलं तर मात्र उमटत होती.

लिनक्सच्या मदतीच्या फायलींत ते सापडलं. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी ही सोय होती. शिफ्ट काही सेकंद दाबून धरली की ही सोय चालू होते, पुन्हा धरली की बंद. मग ओझरता लागलेला धक्का मशीन मोजत नाही, दाबून धरलेलं बटणच मोजतं. पडद्यावर कसलीही सूचना येत नव्हती. टाइपरायटरवर घडलेला माणूस बटण दाबत नाही, ठोका मारतो आणि सोडतो. अप्पांचा डावा हात अजून तसेच ठोके मारत होता. ते सगळे ठोके मशीन धक्के समजून सोडून देत होतं. आईचं बोट चाललं, कारण ती बेल दाबत होती. आणि मशीन बंद करून चालू केलं की ती सोय आपोआप जायची, म्हणून मला कधी सापडली नाही.

मी ते त्यांना सरळ सांगितलं. "उजवा हात शिफ्टवर पडतो, अप्पा. तो मांडीवर ठेवला की झालं."

त्यांनी मान हलवली. "दोन्ही हात बोर्डावर."

"तो काही करत नाही."

"असू दे."

बायको दारात उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "ऐकतील का हो ते? उशी ठेवा की खाली एक." उशी ठेवून पाहिली. हात उशीवरूनही घसरला.

मग मी ती सोय कायमची बंद केली. तरी हात शिफ्टवर पडून अक्षरं कॅपिटल येणारच होती, म्हणून मशीनच्या सेटिंगमध्ये आणखी एक ओळ लिहिली. त्या ओळीने उजवीकडची शिफ्ट मेली. बटण जागेवर होतं, दाबलं तर खालीही जायचं, पण मशीनला ते पोचत नव्हतं. कॅपिटल अक्षराला डावीकडची पुरली असती. अप्पांना हेही सांगितलं. त्यांनी उजवा हात उचलून मुद्दाम तिथे टेकवला, डाव्या हाताने दोन-चार अक्षरं मारली आणि पाहिलं. लहान अक्षरं होती, लगेच आली होती.

"घड्याळ घे," ते म्हणाले.

इन्स्टिट्यूटमधली परीक्षा पाच मिनिटांची असायची. मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि "सुरू" म्हटलं. आई आणि बायको आत होत्या, कुकरची शिट्टी झाली, कुणी बाहेर आलं नाही. अप्पा टाइप करत राहिले. अक्षर मारलं की उमटत होतं. मधे मधे हात थांबायचा, तेव्हा पडदाही थांबायचा, आणि आता ते थांबणं कुणाचं हे दोघांनाही दिसत होतं. मी "थांबा" म्हटलं तेव्हा ते एका शब्दाच्या मधे होते. तिथेच सोडलं. पुढचं अक्षर मारलं नाही.

मोजायचं काम माझं. पाच ठोक्यांचा एक शब्द, चुकीचे वजा, पाचाने भागून मिनिटाचा वेग, अपूर्णांक सोडायचा. मी दोनदा मोजलं.

"किती?"

"बारा."

इन्स्टिट्यूटमध्ये खालच्या परीक्षेलाही तीस लागत.

त्यांनी पडद्यावरचा उतारा वरून खालपर्यंत वाचला. एके ठिकाणी बोट ठेवलं. मी एक चूक सोडली होती.

"अकरा," मी म्हटलं.

"मशीन ठीक आहे?"

"ठीक आहे."

"मग हे माझे."

"हो, अप्पा."

त्यांनी उतारा पुसला नाही. वरच्या कोपऱ्यात बोट दाखवून तारीख घालायला सांगितली. मी घातली. मग आईने पानं वाढल्याचं सांगितलं आणि आम्ही जेवायला उठलो.