तुर्योनोंची न कापलेली हिस्टरी

पाक तुर्योनोंवर मी आयुष्यात जेवढी चिडले असेन तेवढी नवऱ्यावरही चिडले नाही. पाक म्हणजे आमच्याकडे साहेब, आणि बाईमाणसाला म्हणतात बू. पुर्वोकर्तोच्या आमच्या कॉलेजात सर्व्हर सांभाळायला आम्ही दोघंच. मी जरा फटकळ. तसं आमच्या बन्यूमास भागात सगळेच फटकळ, तुर्योनो सोडून. तो माणूस दिवसभर काळ्या पडद्यासमोर बसायचा, एकेक कमांड टाइप करायचा आणि गालात हसायचा.

तुम्ही टाइप केलेली प्रत्येक कमांड शेल, म्हणजे त्या काळ्या पडद्यामागचा प्रोग्राम, लक्षात ठेवतं. त्याला हिस्टरी म्हणतात. पण हात न लावता तसंच सोडलं तर शेल पाचशेच ओळी ठेवतं, त्याआधीचं सगळं कापून टाकतं. तुर्योनोंना ते कापणं खपायचं नाही. त्यांनी सेटिंगमधून मर्यादाच काढून टाकली होती. दोन खिडक्या उघड्या असल्या तर एकीने दुसरीचं पुसू नये म्हणून एंटर दाबताक्षणी ओळ हिस्टरीच्या फाइलीत जाऊन बसेल, अशी सोय केली होती. कॉलेजातली यंत्रं किती बदलली, पण प्रत्येक नव्या यंत्रावर आधी ती फाइल जायची, मग बाकीचं.

वर आणखी एक खोड. ओळीच्या सुरुवातीला # टाकलं की शेल ती ओळ चालवत नाही, नुसती लक्षात ठेवतं. तर हे गृहस्थ कामाच्या मध्येच # टाकून स्वतःशी गप्पा मारायचे. "# प्रिंटर आजही रुसलाय." "# तिन पुन्हा चिडली. तिचे मेंदोआन मी खाल्ले." तिन म्हणजे मी, सुतिनाह, आणि मेंदोआन म्हणजे आमच्याकडची भजी.

"अहो, घरी डायरी लिहा ना!" मी ओरडायचे.

"घरी वार्नी वाचते," ते म्हणायचे. वार्नी म्हणजे त्यांची बायको.

मग त्यांना मेंदूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. अगदी सगळे नाही. "हो", "नाही", "चहा" एवढं निघायचं. नावं मात्र एकही नाही. समोर बायको उभी असली तरी ओठ हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं आणि तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर पडायचं. मी भेटायला गेले आणि दहा मिनिटांत उठून आले. मला बघवेना.

काही महिन्यांनी बू वार्नी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून कॉलेजात घेऊन आल्या, कपाटातलं सामान न्यायला. मी सामान काढतेय तोवर ते आपल्या यंत्रासमोर सरकले. डाव्या हाताने कंट्रोल आणि आर दाबलं. त्याने हिस्टरीत मागे शोधता येतं. मग बराच वेळ विचार करून एकच अक्षर दाबलं, टी. पडद्यावर ओळ वर आली. त्यांनी ती वाचली. मोठ्याने. अडखळत, पण वाचली.

"तिन... पुन्हा... चिडली."

माझ्या हातातला खोका खाली पडला. "अगंबाई!" एवढंच मला सुचलं. बू वार्नी तर भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. घरी तुर्योनोंसमोर पेपर धरला की अक्षरं नाचतात म्हणे, आणि इथे हा माणूस माझं नाव घेत होता! बोलायला शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सुरुवात यांच्याच बोटातून होते, ओळही यांचीच असते आणि डोळ्यासमोर एकच असते, म्हणून जमत असेल. मला काही ते कारण पुरलं नाही. मी कितीतरी दिवस त्या पडद्याकडे भूत पाहिल्यासारखी बघत होते.

पण खरा पेच पुढेच होता. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, वेनिंगचं लग्न ठरलं. निकाह लावताना बापाने जावयाचा हात हातात धरून मुलीचं नाव घेऊन म्हणायचं असतं, की माझी मुलगी मी तुला दिली. बापाला जमत नसेल तर पेंगहुलू, म्हणजे निकाह लावणारे अधिकारी, त्याच्या वतीने म्हणतात. त्यात काही कमी नसतं. सगळ्यांनी तसंच सुचवलं. तुर्योनोंनी डावी मूठ टेबलावर अशी आपटली की कप उलटला.

"मी," ते म्हणाले.

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तालीम केली. जावई गालिह समोर बसला, हात हातात दिला. तुर्योनोंनी घाम गाळत वाचलं, "गालिह... तुला... माझी... वार्नी..."

"झालं! मला दिलं वाटून!" बू वार्नी म्हणाल्या आणि सगळे हसले. तुर्योनो हसले नाहीत. त्यांनी कागद चुरगळला आणि वेनिंगकडे न बघता खोलीत निघून गेले. वेनिंग मला म्हणाली, "बू तिन, बाबांनी नाही म्हटलं तरी चालेल हो मला." आणि रडायला लागली. मी तिच्यावरच ओरडले, "त्यांना चालणार नाही ना, बाई!"

मग मी कॉलेजातली ती हिस्टरीची फाइल आणली. गालिह उत्साही पोरगा, म्हणाला, "द्या, माझ्या लॅपटॉपवर टाकतो." फाइल टाकली आणि लगेच शेलची खिडकी उघडायला निघाला. तुर्योनोंनी त्याचं मनगट घट्ट पकडलं.

"नाही! पाच... पाचशे!"

सेटिंग न करता खिडकी उघडली असती तर शेलने ती सगळी वर्षं पाचशे ओळींवर आणून ठेवली असती. मुलीचं नाव येत नव्हतं त्या माणसाला, पण हे माहीत होतं! एका हाताने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी सेटिंग स्वतः लिहिलं. फाइलीला वेगळं नाव दिलं, म्हणजे चुकून कोणी साधी खिडकी उघडली तरी हिला धक्का लागू नये. मी मध्ये बोललेसुद्धा नाही. मी गप्प बसले हे आमच्या कॉलेजात कोणाला खरं वाटणार नाही.

शेवटी # टाकून निकाहाचं वाक्य त्यांनीच टाइप केलं. कंट्रोल-आर करून वेनिंगचं डब्ल्यू दाबलं की तेच वर यायचं. तालमीत चारदा जमलं, तीनदा फसलं.

लग्नाच्या सकाळी मशिदीत बुटक्या टेबलावर फुलांच्या शेजारी लॅपटॉप ठेवला. पेंगहुलूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "असू द्या," मी म्हटलं. मी कपाळाला आठ्या घातल्या की माणसं पुढचं विचारत नाहीत.

गालिहने त्यांचा लुळा हात आपल्या हातात घेतला. तुर्योनोंनी डाव्या हाताने कंट्रोल-आर आणि डब्ल्यू दाबलं. निकाहाचं वाक्य वर आलं. त्यांनी ते पाहिलं, आणि वाचलंच नाही. पुन्हा कंट्रोल-आर दाबलं. त्याच्या मागची जुनी ओळ आली. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"पाक, ओळ सुटली, ओळ सुटली!" मी मागून कुजबुजले. त्यांनी नाही अशी मान हलवली. लोक चुळबुळायला लागले. पेंगहुलू खाकरले. पडद्यावर ओळी येत होत्या. "# वेनिंगला नोकरी लागली." "# वेनिंग सायकलवरून पडली, टाके." "# वेनिंग आज शाळेत, रडली नाही, मी रडलो." मी मागून वाचत होते. एवढी वर्षं मी शेजारी बसून या माणसाला बडबड्या म्हणत होते. त्याची मुलगी अख्खी तिथे होती, पहिल्या दिवसापासून.

मग बटण दाबूनही ओळ बदलेना. याच्या मागे काही नव्हतं.

"# वेनिंग जन्मली. घरी चाललो. सर्व्हर पडला तर पडू दे."

तुर्योनो ती ओळ बराच वेळ वाचत राहिले. ओठ हलत होते. मग त्यांनी लॅपटॉप बंद केला. "अहो..." बू वार्नी बायकांमधून अर्धवट उठल्या. मी डोळे मिटून घेतले.

"गालिह," आवाज आला. "माझी मुलगी... वेनिंग... वेनिंग प्रबंदारी... मी तुला दिली."

गालिहचं "कबूल" कोणाला नीट ऐकूच आलं नाही. साक्षीदारांनी "सह!" म्हटलं, म्हणजे निकाह पक्का झाला, आणि तरीही तुर्योनो थांबेनात. तोच एक शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, वेनिंग, वेनिंग, आणि ती ओढणी सावरत, सगळ्यांच्या मधून वाट काढत "आले बाबा, आले" म्हणत त्यांच्याकडे येत होती.